धातू आणि धागा : नेवाशाच्या तांब्याच्या मण्यांपासून धातुकणयुक्त तंतूंपर्यंत — एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

वस्त्रतंतूत चांदी, तांबे किंवा जस्त यांचे सूक्ष्म कण मिसळून जंतुरोधक, स्थिरविद्युत्‌रोधक किंवा विद्युत्‌वाहक कापड तयार करण्याचे तंत्र हे सामान्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे अपत्य मानले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात धातू व धागा यांच्या संबंधाचा दीर्घ इतिहास तपासला असून त्या संबंधाचे तीन टप्पे दाखविले आहेत. पहिल्या टप्प्यात धातूने धाग्याला योगायोगाने जपले, दुसऱ्यात जरीच्या रूपाने धातूने धाग्याला मोल दिले, आणि तिसऱ्यात धातूने धाग्याला कार्य दिले. या तीनही टप्प्यांत महाराष्ट्राच्या इतिहासातील साधने उपयोगी पडतात. त्याचबरोबर जरीतील धातू परत मिळत असे, तर आधुनिक तंतूतील धातू सांडपाण्याबरोबर वाहून जातो, या मूलभूत फरकाकडे निबंध लक्ष वेधतो.

बीजशब्द : जर, कलाबतू, पैठणी, तारकस, धातुकणयुक्त तंतू, खनिजीभवन.

प्रस्तावना

वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने कापूस, रेशीम, रंग, व्यापार आणि विणकर जाती यांच्याकडे गेले. धातू हा वस्त्राचा घटक म्हणून क्वचितच विचारात घेतला गेला. जरीचा उल्लेख येतो तो बहुधा वैभवाचे चिन्ह म्हणून; ती कशी बनत होती, कोण बनवीत होते आणि ते कौशल्य पुढे कोठे गेले, हे प्रश्न मागे पडतात. दुसऱ्या बाजूस वस्त्र-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात धातुकणयुक्त तंतूंचा परिचय करून दिला जातो तो त्यांना जणू काही पूर्वेतिहासच नाही अशा रीतीने. या दोन ज्ञानशाखा एकाच महाविद्यालयाच्या दोन इमारतींत शिकविल्या जातात आणि त्यांचा परस्परांशी संवाद होत नाही. त्या संवादाची गरज दाखविणे हा या लेखनामागील हेतू होय.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) धातू व वस्त्रतंतू यांच्या संबंधाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे, (२) जरनिर्मितीचे तंत्र आणि आधुनिक तंतुनिर्मितीचे तंत्र यांतील साम्य व भेद स्पष्ट करणे, (३) पैठणीच्या प्राचीनतेविषयी रूढ असलेल्या विधानांची साधनांच्या आधारे तपासणी करणे, (४) या इतिहासाच्या जतनासंबंधी काही सूचना मांडणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पुरातत्त्वीय अहवाल, मुंबई इलाख्याची गॅझेटियर आणि तंतुविज्ञानातील प्रकाशित संशोधन ही प्रमुख साधने आहेत.

१. जपणारा धातू : पुरातत्त्वाची साक्ष

भारतीय उपखंडाच्या उष्ण व दमट हवामानात कापड जमिनीखाली टिकत नाही. सूक्ष्मजंतू, ओलावा आणि आम्लयुक्त माती त्याचा थोड्याच काळात नाश करतात. तरीही प्राचीन कापडाचे जे मोजके अवशेष हाती आले, त्यांपैकी बहुसंख्य अवशेष एखाद्या धातूच्या वस्तूला चिकटलेले आढळले. हा योगायोग नाही.

मोहेंजोदडो येथील उत्खननात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला कापडाचा तुकडा सापडला. त्याची तपासणी मुंबईत माटुंगा येथील इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या प्रयोगशाळेत झाली. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही प्रयोगशाळा पुढे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी १९२८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि तो तंतू अस्सल कापसाचा असल्याचे सिद्ध केले. भारतातील कापसाच्या प्राचीनतेचा हा पहिला भक्कम पुरावा होता, आणि तो चांदीच्या क्षारांनी जपला होता.

महाराष्ट्रातील पुरावा याहून बोलका आहे. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे (जि. अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर) उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन थरात एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि त्या मण्यांच्या आत ज्या दोऱ्यात ते ओवले होते त्याचे अंश शिल्लक होते. त्यांची तपासणीही गुलाटी यांनीच केली आणि त्यात कापूस व रेशीम यांचे अंश असल्याचे मत १९६१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडले. पुणे जिल्ह्यातील चांदोली येथेही तांब्याच्या मण्यांबरोबर जवसाच्या तंतूचा दोरा मिळाला. आई-बापाने मुलाच्या गळ्यात घातलेल्या माळेचा दोरा तीन हजार वर्षांहून अधिक काळ टिकला, तो केवळ मणी तांब्याचे होते म्हणून. मणी मातीचे असते तर महाराष्ट्रातील सूतकताईचा हा आद्य पुरावा उरला नसता.

उपखंडातील इतर शोधांनीही याच निष्कर्षाला बळ दिले आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील नवाश्मयुगीन दफनातील तांब्याच्या मण्यात कापसाचे खनिजीभूत तंतू आढळल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे कापसाच्या वापराचा काळ इसवी सनापूर्वी सहाव्या सहस्रकापर्यंत मागे गेला. २००९ मध्ये आयरीन गुड, जे. एम. केनॉयर आणि आर. एच. मेडो यांनी हडप्पा व चन्हुदडो येथील अलंकारांत रेशमाचे तंतू ओळखले. हडप्पा येथील तंतू तांब्याच्या अलंकारांतच मिळाले होते.

यामागील रासायनिक प्रक्रिया आता परिचित आहे. ओलाव्यात तांबे किंवा चांदी गंजू लागते आणि तिचे क्षार लगतच्या तंतूत झिरपतात. हे क्षार सूक्ष्मजंतूंना मारक असल्याने कुजण्याची क्रिया मंदावते; पुढे तंतूतील सेंद्रिय द्रव्याची जागा हळूहळू क्षार घेतात आणि तंतूचा आकार दगडातील ठशाप्रमाणे कायम राहतो. यालाच खनिजीभवन म्हणतात. आजच्या जंतुरोधक तंतूत ज्या गुणधर्माचा जाणीवपूर्वक उपयोग केला जातो, तोच गुणधर्म नेवाशाच्या थडग्यात कोणाच्याही नकळत काम करीत होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

२. मोल देणारा धातू : जर

सुवर्णवस्त्राची कल्पना भारतीय वाङ्मयात फार जुनी आहे. ऋग्वेदात वरुणाने सुवर्णमय प्रावरण धारण केल्याचे वर्णन येते. भारताबाहेरही बायबलच्या जुन्या करारातील निर्गम ग्रंथात सोन्याचे पातळ पत्रे ठोकून त्यांच्या तारा कापल्याचा निर्देश आहे. मात्र वाङ्मयीन उल्लेख आणि तांत्रिक पुरावा यांत अंतर ठेवले पाहिजे. सुवर्णमय या विशेषणावरून विणलेली जर सिद्ध होत नाही.

हीच सावधगिरी पैठणीच्या बाबतीतही आवश्यक आहे. पैठणी दोन हजार वर्षे जुनी असून सातवाहन काळात ती रोमला जात असे, असे विधान अनेक पुस्तिकांत व जाहिरातींत आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात पैठणचा उल्लेख निश्चितपणे आहे. परंतु पैठणहून भडोचला जाणारा माल म्हणून तेथे गोमेदजातीच्या दगडाची नोंद आहे, कापडाची नोंद आहे ती तगर म्हणजे आजच्या तेर (जि. धाराशिव) या नगराच्या नावे, आणि तेही जाडेभरडे कापड व मलमल यांची. जरीच्या वस्त्राचा तेथे निर्देश नाही. पैठण हे प्राचीन व्यापारी नगर होते आणि पैठणी हे त्या नगराच्या नावाने ओळखले जाणारे वस्त्र आहे, ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिल्यावरून दुसऱ्याचा काळ ठरत नाही. संग्रहालयांत व घराण्यांत जपलेल्या पैठण्या मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील आहेत. पैठणीची थोरवी सिद्ध करण्यासाठी तिचे वय वाढविण्याची गरज नाही. तिची थोरवी तिच्या तंत्रात आहे.

हे तंत्र दोन भागांचे होते. एक तारेचे, दुसरे विणीचे. १८८३ ते १८८५ या काळात प्रसिद्ध झालेल्या नाशिक व पुणे जिल्ह्यांच्या गॅझेटियरमुळे एकोणिसाव्या शतकातील रेशीम व जर यांच्या व्यवसायांची माहिती मिळते. तारेचे काम चांदीच्या लगडीपासून सुरू होई. लगड घासून स्वच्छ करीत, तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवीत आणि ती भट्टीत तापवून व ठोकून दोन्ही धातू एकजीव करीत. नंतर ही लगड जंत्रीतून, म्हणजे उतरत्या आकाराची छिद्रे असलेल्या पोलादी पट्टीतून, पुन्हा पुन्हा ओढली जाई. प्रत्येक छिद्रागणिक तार बारीक व लांब होत असे. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट होते, या साध्या हिशेबाने वीतभर लगडीची तार मैलोगणती लांब होई. सोने व चांदी हे दोन्ही धातू अत्यंत तन्य असल्याने वरचा सोन्याचा थर न फाटता चांदीबरोबरच पातळ होत जाई. त्यामुळे अगदी थोड्या सोन्यात संपूर्ण तार सोनेरी दिसे.

केसासारखी झालेली ही तार नंतर ऐरणीवर ठोकून चपटी केली जाई. या चपट्या तारेला बादला म्हणत. बादला रेशमाच्या पिळदार धाग्यावर वळशाला वळसा भिडवून गुंडाळला की कलाबतू तयार होई. सोनेरी कलाबतूसाठी आतील रेशीम पिवळे रंगविलेले असे, म्हणजे वळशांच्या फटींतून पांढरा धागा डोकावत नसे. लगड तयार करणारा, तार ओढणारा, तार चपटी करणारा आणि ती रेशमावर वळणारा हे वेगवेगळे कारागीर असत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जाडीची तार केवळ बोटांच्या जाणिवेने सांभाळण्याचे हे कसब पिढ्यान्‌पिढ्या घरातच शिकविले जाई.

विणीच्या भागात हे कलाबतू बाण्याच्या जागी येई. जुन्या पैठणीच्या पदरात भुई जरीची असे आणि तिच्यावर रंगीत रेशमाची वेलबुट्टी उमटे. प्रत्येक रंगाचा बाणा त्या त्या नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या बाण्यात अडकविला जात असल्याने कापडाच्या उलट बाजूस सुटे धागे राहत नसत. धातू, रेशीम व विणकराचा वेळ हे तिन्ही एकाच वस्त्रात साठविले जात होते.

या उद्योगामागे राजाश्रय व व्यापारी भांडवल अशा दोन शक्ती होत्या. ‘ऐन-इ-अकबरी’त बादशाही कोठारातील जरीच्या कापडांची किमतीसह यादी आहे. पेशवाईत पैठणहून जरीकाठी व आसावली वेलीची वस्त्रे मागविली जात. येवल्याच्या बाबतीत गॅझेटियरने नोंदविलेली परंपरा अशी की, येवल्याच्या पाटलांचा पूर्वज रघोजी नाईक याने गुजराती व्यापारी व कारागीर आणून तेथे रेशीम-जरीचा धंदा वसविला आणि मूळ कुटुंबांना त्या धंद्याचा मक्ता मिळाला. १८६४ मध्ये एका बाहेरच्या माणसाने माग घातला तेव्हा जुन्या कुटुंबांनी दावा लावला. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि त्यानंतर खत्री, कोष्टी, साळी, मुसलमान अशा अनेक समाजांतील कारागीर येवल्यात आले. येवल्याच्या विस्तारामागे राजाश्रयाइतकाच एक न्यायालयीन निर्णय होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

३. जरीचे स्थित्यंतर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने ओढलेली युरोपीय जर भारतात येऊ लागली. ती स्वस्त व एकसारखी होती. त्याच सुमारास विद्युत्‌विलेपनाचे तंत्र रूढ झाले. इंग्लंडमध्ये १८४० मध्ये या तंत्राचे एकस्व घेतले गेले होते. आता लगडीवर सोन्याचा पत्रा चढविण्याऐवजी तयार तारेवर विजेच्या साहाय्याने सोन्याचा थर बसविता येऊ लागला. चांदीच्या जागी तांब्याची तार वापरून तिच्यावर चांदीचे विलेपन करणे हेही शक्य झाले. खरी जर आणि खोटी जर हा भेद यातून बाजारात स्थिरावला.

परदेशी जरीच्या स्पर्धेमुळे सुरतसारखी केंद्रेही अडचणीत आली. टॅरिफ बोर्डाच्या चौकशीनंतर १९३१ मध्ये जर उद्योगाला संरक्षण देणारा ‘गोल्ड थ्रेड इंडस्ट्री (प्रोटेक्शन) ॲक्ट’ संमत झाला आणि आयात जरीवर वाढीव जकात बसली. या संरक्षणाचा लाभ सुरतच्या यांत्रिक कारखान्यांना झाला. पैठण व येवला येथील हाताने तार ओढणारे मात्र त्या लाभाबाहेरच राहिले. विणकर टिकले, परंतु त्यांची जर सुरतेहून येऊ लागली. पैठणीच्या पुनरुज्जीवनाविषयी बोलताना सामान्यतः विणकराचाच विचार होतो. तारकसाचे कौशल्य त्यापूर्वीच महाराष्ट्रातून जवळजवळ लोपले होते, याची नोंद फारशी घेतली जात नाही.

यानंतरचा बदल मूलभूत स्वरूपाचा होता. १९४६ मध्ये अमेरिकेतील डोबेकमन कंपनीने ल्युरेक्स हा धागा बाजारात आणला. प्लॅस्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून त्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या जात. पुढे पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर धातूचा थर बसविलेला धागा प्रचलित झाला आणि भारतात त्याला प्लॅस्टिक जर हे नाव पडले. रचनेच्या दृष्टीने पाहता ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मध्ययुगीन युरोपात जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यावर आणि पूर्व आशियात कागदावर सोने चढवून त्याच्या पट्ट्या विणल्या जात असत. नवे होते ते असे की, प्रथमच चकाकी आणि मोल यांची फारकत झाली. प्लॅस्टिक जर चमकते, काळी पडत नाही, वजनाला हलकी असते; पण गाळली तर तिच्यातून काही निघत नाही.

४. कार्य करणारा धातू : धातुकणयुक्त तंतू

चांदीच्या जंतुनाशक गुणाचे शास्त्रीय आकलन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाले. जर्मन वैद्य कार्ल क्रेडे याने १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांतील संसर्ग टाळण्यासाठी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब वापरण्यास आरंभ केला. कार्ल नेगेली याच्या १८९३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने धातूंचे अत्यल्प प्रमाणही सूक्ष्मजीवांना मारक ठरते हे दाखविले. धातूपासून सुटणारे आयन जंतूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बद्ध होऊन त्यांचे कार्य थांबवितात, असे आज मानले जाते. ज्या गंधकाच्या आकर्षणामुळे जुन्या जरीतील चांदी काळी पडते, तेच आकर्षण येथे उपयोगी पडते.

हा गुण तंतूत आणण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत. पहिली रीत तयार तंतूवर धातूचा लेप देण्याची. नायलॉनवर चांदीचा थर बसविलेले धागे याच प्रकारचे आहेत. दुसरी रीत तंतूतच धातूचे कण निर्माण करण्याची. येथे तंतू धातूच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून त्यावर क्षपणक्रिया घडविली जाते. तिसरी रीत तंतू तयार होण्यापूर्वीच त्याच्या द्रव्यात कण मिसळण्याची असून धातुकण तंतूत रुतविणे खऱ्या अर्थाने याच रीतीत घडते. जपानमध्ये १९८० च्या दशकात चांदीचे आयन धरून ठेवणाऱ्या झिओलाइट या खनिजाचे कण पॉलिएस्टरमध्ये मिसळण्यात आले. तांब्याच्या ऑक्साइडचे कण तंतूत बसविण्याविषयीचे गॅडी बोर्कोव आणि जेफ्री गॅबे यांचे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तिसऱ्या रीतीचे तंत्र जंत्रीशी ताडून पाहण्यासारखे आहे. पॉलिएस्टर सुमारे २८० ते २९० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून बारीक छिद्रांच्या तबकडीतून, म्हणजे स्पिनरेटमधून, दाबाने बाहेर काढले जाते आणि थंड होताना ताणून त्याची लांबी अनेकपट वाढविली जाते. तयार तंतू सामान्यतः १० ते २० मायक्रॉन जाडीचा असतो. अशा तंतूत मिसळावयाचा कण एक मायक्रॉनहून लहान असणे आवश्यक असते. कणांचा पुंजका झाला तर गाळणी तुंबते, छिद्र बंद पडते किंवा ताणताना तंतू तुटतो. यासाठी कण आधी थोड्या पॉलिएस्टरमध्ये दाट प्रमाणात नीट घोळवून घेतले जातात आणि ते मिश्रण नंतर मूळ द्रव्यात टाकले जाते. दुसरी अडचण कणाच्या जागेची. तंतूच्या गाभ्यात खोल बसलेला कण जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून काही तंतूंत गाभा साधा ठेवून केवळ बाहेरच्या आवरणात धातू मिसळला जातो. मोलाचे द्रव्य पृष्ठभागीच असावे, हे तत्त्व सोन्याचा मुलामा दिलेल्या लगडीतही होते आणि या तंतूतही आहे.

स्थिरविद्युत् रोखण्यासाठी वापरले जाणारे पोलादाचे तंतूही जुन्या तत्त्वावरच बनतात. पोलादाच्या असंख्य तारा एका आवरणात एकत्र बांधून जंत्रीतून ओढल्या जातात आणि शेवटी आवरण आम्लात विरघळवून काही मायक्रॉन जाडीचे तंतू सुटे केले जातात.

जर आणि आधुनिक तंतू यांचा सर्वात प्रत्यक्ष दुवा मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडतो. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९० च्या दशकात रेहमी पोस्ट, मॅगी ऑर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी कापडावर विद्युत्‌मंडले तयार करण्याचे प्रयोग केले. त्यांचे संशोधन २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी वापरलेले एक प्रमुख कापड म्हणजे रेशमाच्या धाग्यावर तांब्याची चपटी तार वळून विणलेले ऑर्गन्झा होते. असे कापड भारतात निदान शंभर वर्षे विणले जात असल्याची नोंद त्यांनीच केली आहे. ताण्यातील रेशीम दोन तारांना एकमेकींपासून अलग ठेवते आणि बाण्यातील प्रत्येक तार स्वतंत्र वाहिनीचे काम करते, हे त्यांच्या लक्षात आले होते. कलाबतूची रचना विद्युत्‌वाहक धाग्याची आहे, हे जर वळणाऱ्या कारागिराला ठाऊक नव्हते. परंतु त्याच्या हातची रचना त्या कामास तयार होती.

५. परत मिळणारा आणि वाहून जाणारा धातू

जरीच्या इतिहासाला एक आर्थिक बाजू आहे. जरीचे वस्त्र ही स्त्रीच्या अंगावरील चल संपत्ती होती. वस्त्र जीर्ण झाले की काठपदर वेगळे काढून विकले जात, जर जाळून चांदी-सोने गाळले जाई आणि तो धातू पुन्हा लगडीत जाई. पुनर्वापराची ही साखळी पर्यावरणाच्या दृष्टीने आदर्श होती. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिची किंमत मोठी आहे. गाळलेल्या प्रत्येक पैठणीबरोबर तिच्या विणीचा, रंगांचा व धातूच्या प्रमाणाचा पुरावा नष्ट झाला. ज्या पैठण्यांत धातू अधिक त्या अधिक गाळल्या गेल्या असणार. म्हणून आज शिल्लक असलेल्या नमुन्यांवरून जुन्या जरीचे सर्वसाधारण चित्र रेखाटणे धोक्याचे ठरते.

धातुकणयुक्त तंतूची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. ट्रॉय बेन आणि पॉल वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये बाजारात मिळणाऱ्या सहा प्रकारच्या मोज्यांची तपासणी प्रसिद्ध केली. एका ग्रॅम मोज्यात जास्तीत जास्त १,३६० मायक्रोग्रॅम चांदी आढळली आणि ५०० मिलिलीटर शुद्ध पाण्यात ६५० मायक्रोग्रॅमपर्यंत चांदी उतरली. मोज्यामोज्यांत हे प्रमाण फार वेगवेगळे होते. यावरून चांदी किती सुटते हे निर्मितीच्या पद्धतीवर अवलंबून असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कण तंतूत रुतलेला आहे की वरवर चिकटविलेला आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. सुटलेली चांदी सांडपाण्यातून नदीपर्यंत जाऊ शकते, आणि जंतूंना मारणारा धातू जलचरांनाही घातक ठरू शकतो. अमेरिकेत कापडातील अशा एका चांदीयुक्त द्रव्याला पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये दिलेली सशर्त मंजुरी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने अंशतः रद्द ठरविली. गुंतलेले धन परत मिळविण्याची जी व्यवस्था जरीच्या अर्थकारणात आपोआप होती, ती नव्या तंतूत कायद्याने आणि संशोधनाने उभी करावी लागत आहे.

निष्कर्ष

१. धातूचे जंतुरोधक कार्य हा आधुनिक शोध असला तरी त्याचा परिणाम पुरातत्त्वीय अवशेषांत हजारो वर्षांपूर्वीपासून दिसतो. नेवासे व चांदोली येथील तंतू हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

२. जंत्रीतून तार ओढणे व स्पिनरेटमधून तंतू काढणे यांतील द्रव्ये भिन्न असली तरी एकरूप द्रव्य सूक्ष्म छिद्रातून नेऊन ताणण्याचे तत्त्व समान आहे. कलाबतूची रचना तर विद्युत्‌वाहक वस्त्रात जवळजवळ जशीच्या तशी वापरली गेली.

३. पैठणीच्या दोन हजार वर्षांच्या निर्यातीचे विधान पेरिप्लसच्या आधारे करता येत नाही.

४. १९३१ च्या संरक्षणाचा लाभ यांत्रिक केंद्रांना मिळाला. महाराष्ट्रातील विणकाम टिकले, परंतु तारकसाचे कौशल्य टिकले नाही.

५. जरीतील धातू परत मिळत असे. धातुकणयुक्त तंतूतील धातू सामान्यतः परत मिळत नाही. कणाची बसवणूक पक्की असणे हे म्हणूनच गुणवत्तेइतकेच जबाबदारीचे लक्षण आहे.

समारोप

क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या पद्धतीने वस्त्राला धक्का न लावता जरीतील सोने, चांदी व तांबे यांचे प्रमाण मोजता येते. येवला, पैठण व परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र विभागांच्या सहकार्याने घराघरांतील जुन्या पैठण्यांची छायाचित्रे, विणीच्या नोंदी व धातूचे प्रमाण संकलित केल्यास जरीच्या इतिहासाला प्रथमच संख्यात्मक पाया मिळेल. त्याबरोबर तारकस, बादला, कलाबतू या शब्दांमागील कामाच्या आठवणी वयोवृद्धांकडून लिहून घेणेही निकडीचे आहे. नेवाशाच्या मुलाच्या गळ्यातील दोरा तांब्याने जपला, कारण त्यावर कोणाची दृष्टी पडली नाही. पेटीतील पैठणीला ते भाग्य लाभेलच असे नाही. ती गाळली गेली की चांदी हाती लागते. पुरावा मात्र कायमचा जातो.